सातबाऱ्यावरचा बोजा आणि शेजारचे आजोबा

पत्र आधी थोडक्यात देते, मग माझं उत्तर.

"ताई, नमस्कार. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, २००५ मध्ये अमेरिकेत आलो, आधी टेक्सास आणि गेली ११ वर्षं शिकागोला लागून असलेल्या इव्हान्स्टनमध्ये स्वतःच्या घरात राहतो. शेजारी ७८ वर्षांचे एक ब्लॅक आजोबा आहेत, जन्म इथलाच. पहिल्या हिवाळ्यात मला बर्फ उपसायला त्यांनी शिकवलं, माझ्या मुलीला सायकलही त्यांनीच शिकवली. गेल्या महिन्यात आमच्या अंगणात सगळे जेवायला बसलो होतो तेव्हा ते म्हणाले की सिटीच्या रेपरेशन्सचे, म्हणजे ब्लॅक लोकांवरच्या जुन्या अन्यायाच्या भरपाईचे, २५ हजार डॉलर मिळाले, त्यात छप्पर दुरुस्त करून घेतलं. मी बोलून गेलो की आम्ही तर दोन बॅगा घेऊन आलो, आमच्या पूर्वजांनी कोणाला गुलाम केलं नाही, उलट आमच्यावरच इंग्रजांनी राज्य केलं, मग आमच्या टॅक्समधून हे कशाला, आणि दीडशे वर्षं होऊन गेली, किती दिवस तेच धरून बसायचं. ते काहीच बोलले नाहीत, प्लेट ठेवली आणि घरी गेले. आता लांबून हात करतात पण कुंपणापाशी थांबत नाहीत. मुलगी १६ वर्षांची आहे, तीही माझ्याशी धड बोलत नाही. ताई, मी चुकीचं बोललो का? माझ्या आजोबांची जमीन धरणात गेली, आम्ही कोणापुढे हात पसरले नाहीत. माफी मागावी का, आणि मागायची तर नक्की कशाची? – एक बाबा, इव्हान्स्टन"

तुझ्यापेक्षा मी बरीच मोठी आहे म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस. आजोबांचं नाव तू लिहिलं होतंस ते मी इथे छापलेलं नाही. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि त्यातलं "प्लेट ठेवली आणि घरी गेले" हे काही डोक्यातून जाईना. ७८ वर्षांचा माणूस ज्या घरात तुझ्या पोरीला सायकल शिकवायला येत होता तिथून अर्ध्या जेवणातून उठून गेला. हो, तू चुकीचं बोललास. पण तुला माफी कशाची मागायची ते कळत नाहीये हे तू प्रामाणिकपणे लिहिलंस, म्हणून नीट बसून सांगते, जरा लांबेल.

आधी साधी गोष्ट, टॅक्सची. तुझ्या गावाने २०१९ मध्ये ठराव केला की गांजाच्या कायदेशीर विक्रीवर सिटीला जो ३ टक्के टॅक्स मिळतो त्यातले पहिले १ कोटी डॉलर रेपरेशन्सला जातील. पुढे महागड्या घरांच्या खरेदी-विक्रीवरचा टॅक्सही त्यात आला. म्हणजे दर वर्षी तुझ्या पोटात गोळा आणणारा जो प्रॉपर्टी टॅक्स आहे त्यातून त्यांचं छप्पर झालेलं नाही. आणि गांजाच का, याचंही कारण आहे. गांजाच्या केसेसमध्ये वर्षानुवर्षं पकडली गेली ती मुख्यतः ब्लॅक पोरं, आणि आता तोच धंदा कायदेशीर होऊन त्यावर पैसा मिळतोय तर तो आधी त्यांच्याकडे जावा असा विचार तिथल्या नगरसेविका रॉबिन रू सिमन्स यांनी मांडला आणि लावून धरला. हे सगळं जाहीर आहे रे. तू ११ वर्षं तिथे राहतोस.

पण समजा उद्या तुझ्याच टॅक्समधून गेले असते, तरी मी हेच म्हटलं असतं.

दुसरं, दीडशे वर्षं. इव्हान्स्टनचे हे पैसे १८६५ पूर्वीच्या गुलामगिरीसाठी नाहीयेतच. १९१९ ते १९६९ या काळात तिथे राहणाऱ्या ब्लॅक लोकांशी घरांच्या बाबतीत जे झालं त्याचे आहेत, त्या काळात तिथे सज्ञान असलेल्यांना आणि त्यांच्या थेट वारसांना. आता तू हिशोब कर. आजोबा १९६९ मध्ये २१-२२ वर्षांचे होते. हे त्यांच्या खापरपणजोबांचं नाही, त्यांचं स्वतःचं आहे, त्यांच्या आईवडिलांचं आहे. तू ज्याला इतिहास म्हणालास ते त्यांचं लहानपण आहे.

काय झालं होतं ते पण ऐक. तुझ्या गावात ब्लॅक कुटुंबांना हळूहळू पश्चिमेच्या एका त्रिकोणी पट्ट्यात, आता ज्याला फिफ्थ वॉर्ड म्हणतात तिथे, ढकलत नेलं. काहींची तर घरं उचलून तिकडे नेऊन ठेवली, खरंच, अख्खं घर पायावरून उचलून. मग सरकारी नकाशे आले, १९३० च्या दशकात फेडरल सरकारने शहरांचे नकाशे रंगवले, जिथे ब्लॅक लोक राहतात तो भाग लाल, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. बँका कर्ज देईनात. बँकेचं कर्ज नाही म्हटल्यावर शिकागोच्या पश्चिम भागात काय चालायचं, तर दलाल घर स्वस्तात घ्यायचे आणि ब्लॅक कुटुंबाला दुप्पट भावाने "कॉन्ट्रॅक्ट"वर विकायचे, म्हणजे हप्ते भरत राहा, दुरुस्ती तुम्हीच करा, पण खरेदीखत शेवटचा हप्ता भरेपर्यंत दलालाच्या नावावर, आणि एक हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले पैसे पण गेले. १९६८ मध्ये शेकडो कुटुंबांनी एकत्र येऊन याविरुद्ध लढा दिला, हप्ते भरायचे थांबवले.

तू लिहिलंयस की आजोबांचे वडील दुसऱ्या महायुद्धात होते. मग हे पण बघ. युद्धावरून आलेल्या सैनिकांना घरासाठी सरकारी हमीचं स्वस्त कर्ज मिळेल असा १९४४ चा कायदा होता, आणि त्यावरच तिथल्या गोऱ्या मध्यमवर्गाची एक अख्खी पिढी घरवाली झाली. हमी सरकारची पण कर्ज द्यायचं बँकेने, आणि बँक देत नाही. १९४७ मध्ये मिसिसिपी राज्यात घर, शेती आणि धंद्यासाठी अशी हमीची तीन हजारांहून जास्त कर्जं झाली त्यातली ब्लॅक सैनिकांना फक्त २. त्याच लढाईत गेलेला माणूस, तोच गणवेश.

अमेरिकेत साध्या माणसाची संपत्ती म्हणजे राहतं घर, ते आपण आल्यावर पहिलं शिकतो. घरावर मुलाच्या कॉलेजचं कर्ज निघतं, म्हातारपण निघतं, मेल्यावर पोरांना तेच मिळतं. फेडरल रिझर्व्हचे २०२२ चे आकडे आहेत, संपत्तीच्या क्रमाने लावली तर अगदी मधल्या गोऱ्या कुटुंबाकडे २ लाख ८५ हजार डॉलरची संपत्ती आणि मधल्या ब्लॅक कुटुंबाकडे साधारण ४५ हजार. हा फरक कष्ट कमी केले म्हणून पडलेला नाही.

आता तुझं खरं दुखणं, "आम्ही काय केलं?" तू काहीच केलं नाहीस. आजोबाही तसं म्हणाले नव्हते, ते छपराबद्दल सांगत होते. पण तू शेतकऱ्याच्या घरातला आहेस म्हणून तुला समजेल अशा भाषेत सांगते. जमीन विकत घेताना आपण सातबारा काढतो आणि "इतर हक्क" च्या रकान्यात बघतो की बोजा आहे का. सोसायटीचं कर्ज, बँकेचं कर्ज. ते कर्ज तू काढलेलं नसतं, पण जमीन घेतलीस की बोजा जमिनीबरोबर येतो, मी तर आत्ता आलो म्हणून तो उतरत नाही. नागरिकत्व घेतलंस तेव्हा त्या देशाचे रस्ते, कोर्टं, विद्यापीठं, निवृत्तीच्या बचतीचं ४०१के खातं, बुडणार नाही अशी बँक, हे सगळं तू बांधलेलं नसताना तुला मिळालं. ते घेताना कोणी म्हटलं नाही की तुझे पूर्वज इथले नाहीत. मग रकान्यातला बोजाच तेवढा दुसऱ्याचा कसा? देणं सरकारचं आहे आणि सरकार तेच आहे, मध्ये बदललेलं नाही.

आणि असं आधी झालेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं, त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. १९८८ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली, माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर, असे सुमारे ८२ हजार लोकांना मिळाले. त्या पैशात १९८० च्या दशकात आलेल्या कितीतरी मराठी इंजिनियरांचा, डॉक्टरांचा टॅक्स होता. मी त्यांच्यातली आहे. आमच्या मंडळाच्या एकाही जेवणात याविरुद्ध मी शब्द ऐकला नाही.

अजून एक सांगते, हे मला कळलं तेव्हा मी रात्रभर अस्वस्थ होते. गुलामगिरीची भरपाई दिली गेली आहे. मालकांना. ब्रिटनने १८३३ मध्ये कायदा केला आणि मालकांना २ कोटी पौंड वाटले, त्या वेळच्या सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या साधारण ४० टक्के, आणि सुटलेल्या लोकांना मात्र वर "अ‍ॅप्रेंटिस" म्हणून त्याच मालकांकडे १८३८ पर्यंत फुकट राबवलं. त्यासाठी जे कर्ज काढलं ते फिटलं २०१५ मध्ये. म्हणजे लंडनला राहणारी आपली मराठी माणसं, तिथे येऊन स्थायिक झालेली जमैकाची माणसं, ज्यांच्या पणज्या उसाच्या मळ्यात राबल्या ती माणसं, २०१५ पर्यंत त्यांच्या टॅक्समधून मालकांच्या भरपाईचं कर्ज फेडत होती. तेव्हा कोणी विचारलं नाही की नवीन आलेल्यांनी का भरायचं. अमेरिकेतही वॉशिंग्टन शहरात १८६२ मध्ये गुलाम मुक्त केले तेव्हा मालकाला माणसामागे ३०० डॉलरपर्यंत दिले. मुक्त झालेल्याला काय, तर देश सोडून जाणार असशील तर १०० पर्यंत देऊ.

आणि तुला वाटतं ना की हे लोक आत्ता उठून मागायला लागले. जानेवारी १८६५ मध्ये, यादवी युद्धात, उत्तरेच्या सैन्याच्या जनरल शर्मनने हुकूम काढला होता, साउथ कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना द्यायची, प्रत्येकी ४० एकरांपर्यंत. सुमारे ४० हजार लोक त्या जमिनीवर गेले, पेरणी केली. त्याच वर्षी लिंकनच्या जागी आलेल्या अध्यक्ष जॉन्सनने ती जमीन काढून जुन्या मालकांना परत दिली. पेरलेल्या रानातून उठवणं म्हणजे काय हे तुझ्या घरात कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. पुढे नॅशव्हिलची कॅली हाउस, जन्माने गुलाम, कपडे धुऊन पोरं वाढवणारी बाई, तिने संघटना काढली की सैनिकांना पेन्शन मिळते तशी म्हाताऱ्या झालेल्या गुलामांना पण द्या. सरकारने तिच्यावरच टपालातून फसवणुकीचा खटला भरला, म्हणणं असं की सरकार पेन्शन कधी देणारच नाही हे माहीत असून ही लोकांकडून वर्गणी घेते. १९१७ मध्ये तिला जेलमध्ये टाकलं. मागितलं की गुन्हा, गप्प बसलं की "दीडशे वर्षं झाली".

दोन बॅगांबद्दल. मी पण दोनच बॅगा घेऊन आले आणि मी पण हेच बोलायचे, अगदी याच शब्दांत, एकदा एका ब्लॅक कलीगसमोर बोलले आणि तिने त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं, मी माफी मागितली नाही आणि ती नोकरी सोडून गेली. म्हणून तुझं पत्र मला लागलं. मग पुढे घर विकायची वेळ आली तेव्हा जुनी कागदपत्रं काढली, त्यात १९२० च्या दशकातल्या खरेदीखतात स्पष्ट लिहिलेलं, या घरात गोऱ्या वंशाखेरीज कोणी राहणार नाही, नोकर म्हणून असेल तर चालेल. मी ते वाचत स्वयंपाकघरात उभी होते. ज्या घरात माझी मुलं वाढली त्या घरात मी फक्त मोलकरीण म्हणून राहू शकले असते. असल्या अटी कोर्टातून राबवता येणार नाहीत असा निकाल लागला १९४८ ला आणि १९६८ च्या कायद्याने घरांमधला भेदभावच बेकायदा झाला, आणि त्या दोन्हीसाठी लढलं कोण? आपण नाही. १९२३ मध्ये नागरिकत्व मागणाऱ्या पंजाबी भगतसिंग थिंड यांना सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही, १९४६ नंतर वर्षाला १०० भारतीय एवढाच कोटा. तो उघडला १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने, आणि तो त्याच हवेत पास झाला ज्या हवेत नागरी हक्कांचा आणि मतदानाचा कायदा झाला, ज्यासाठी ब्लॅक लोकांनी पोलिसांच्या काठ्या आणि कुत्रे अंगावर घेतले. तुझ्या दोन बॅगा विमानतळावरून बाहेर आल्या त्या त्या दारातून.

आणि बॅगेत डिग्री होती ना? सरकारी इंजिनियरिंग कॉलेजची. ती रिकामी बॅग नव्हती.

आता धरण. तू लिहिलंस की हात पसरले नाहीत, पण तुझ्याच पत्रात शेवटी, जे मी वर छापलेलं नाही, तू सहज लिहिलंयस की मधल्या काकांच्या मुलाला प्रकल्पग्रस्त दाखल्यावर नोकरी लागली आणि पर्यायी जमिनीसाठी तुझे वडील मरेपर्यंत कलेक्टर कचेरीत खेटे घालत होते. मग? जमीन गेली आजोबांची, दाखला मिळाला नातवाला. तुझ्या वडिलांना कोणी विचारलं असतं की अहो तुमची कुठे गेली, वडिलांची गेली, किती दिवस तेच धरून बसणार, तर तुला काय वाटलं असतं? ते हात पसरणं नव्हतं, हक्काचं मागणं होतं. शेजारच्या आजोबांनी तेच केलंय, फक्त कचेरी वेगळी.

आपल्याकडे हे समजणारी माणसं फार आधी होऊन गेली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जे सोसलं त्याबद्दल. पुण्यात बसलेल्या माणसाला समुद्रापलीकडची वेदना आपली वाटली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं, कारण ब्लॅक लोक आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांकडे नेत होते आणि इथल्या अस्पृश्यांसाठीही तसं करता येईल का ते त्यांना बघायचं होतं. मराठी घरात वाढलेल्या आपल्याला हे परकं वाटायला नको होतं.

तू विचारशील की मग या योजनेत काहीच चूक नाही का. आहे, आणि त्यावर मनापासून मतभेद असू शकतात. २०२१ मध्ये सिटी कौन्सिलने ८ विरुद्ध १ मतांनी योजना मंजूर केली, तो एक विरोध सिसली फ्लेमिंग यांचा, त्या स्वतः ब्लॅक. त्यांचं म्हणणं होतं की पैसे फक्त घरासाठीच वापरा अशी अट घालून हातात न देणं म्हणजे लोकांवर अविश्वास, याला रेपरेशन्स म्हणू नका. मला ते पटलं होतं, आणि २०२३ मध्ये रोख घ्यायची सोय झालीच. पहिल्या फेरीत चिठ्ठ्या काढून फक्त १६ जण निवडले, यादीतले काही म्हातारे वाट बघता बघता गेले, याचा मला राग येतो. २०२४ मध्ये फेडरल कोर्टात केस झाली की वंश बघून पैसे देणं घटनेतल्या समानतेच्या विरुद्ध आहे. हाही प्रश्न हलका नाही, पण नुकसान करताना वंश बघूनच केलं होतं तर भरताना तो बघायचा नाही हे मला पटत नाही. आणि २५ हजारात शिकागोच्या आसपास घर सोड, धड बाथरूम आणि किचन होत नाही. या सगळ्यावर तू आजोबांशी वाद घातला असतास तर ते कदाचित रंगून बोलले असते. तू त्यांना त्यांच्याच आयुष्याबद्दल गप्प बसायला सांगितलंस. माफी त्याची मागायची आहे.

कशी मागायची. एकटा जा, बायको-मुलीला बरोबर घेऊन नको, त्यांच्या दारात गर्दी झाली की त्यांना तुझी समजूत काढत बसावं लागेल. दारातच सांग, दोन-तीन वाक्यांत, की त्या दिवशी मी बोललो ते चुकीचं होतं, तुमच्याबरोबर काय झालं हे मला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायच्या आधी मी बोललो, मला वाईट वाटतंय. "पण माझा उद्देश तसा नव्हता" हे नको. माझ्या या पत्रातले आकडे त्यांना ऐकवू नकोस, त्यांना ते सगळं तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि "तुमच्या वडिलांचं काय झालं ते सांगा ना" असं तर अजिबात नको, ते त्यांनी मनाने सांगितलं तर ऐक, नाही सांगितलं तर तुझं काही बिघडत नाही. ते कदाचित नुसतं ठीक आहे म्हणून दार लावतील. लावू दे. परत परत जाऊ नकोस. बर्फ पडेल तेव्हा त्यांच्या पायऱ्या आधी साफ कर, मग आपल्या.

मुलीचं सोपं आहे. तिला म्हण की मी आज काय शिकलो ते मला तुला सांगायचंय आणि तुला काय माहीत आहे ते मला ऐकायचंय, आणि मग खरंच ऐक, मध्ये दुरुस्त करू नकोस. तुझ्या घराची जुनी खरेदीखतं काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसातून काढता येतात, तिला घेऊन जा आणि तुमच्या घराच्या कागदात काय लिहिलंय ते दोघं मिळून शोधा. आणि तिला धरणाची गोष्ट पूर्ण सांग. पणजोबांची जमीन, आजोबांचे खेटे, काकांचा दाखला. तिला ती बहुतेक अर्धीच माहीत असेल, कारण तू ती स्वतःलाच अर्धी सांगत आलास.

तू शेवटी विचारलंयस की दिवाळीचा फराळ घेऊन माफी मागायला गेलो तर बरं दिसेल का. नको. चकलीचा डबा हातात दिलास की त्यांना आधी थँक्यू म्हणावं लागेल. माफी मोकळ्या हाताने माग, आणि फराळ दर वर्षी नेतोस तसाच, वेगळ्या दिवशी, मुलीच्या हाताने पाठव.